इंजिन बंद, समोर उतरते

घरच्या घरी विमान बांधणारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ असतात. कुणी गाडीच्या शेडमध्ये बांधतं, कुणी मुलं घराबाहेर पडल्यावर त्यांच्या रिकाम्या खोलीत. वर्षानुवर्षं खपतात, बोटं फोडून घेतात, बायकोची बोलणी खातात. शेवटी एक दिवस विमान तयार होतं, रंग वाळतो, शेजारीपाजारी कौतुक करून जातात, आणि मग तो माणूस विमान ताडपत्रीखाली झाकून ठेवतो. कारण आता ते उडवायचं असतं. पहिली उड्डाणं चाचणीची. ती एकट्यानेच करायची, शेजारच्या सीटवर कुणाला बसवायचं नाही, असा नियम आहे. नियम करणारा शहाणा होता. बुडायचंच तर एकट्याने बुडावं, दुसऱ्याला सोबत घेऊन कशाला?

अशा वेळी लोक कॅप्टनबाईंकडे येत.

तशा त्या कुठल्या मोठ्या विमानाच्या कॅप्टन कधीच नव्हत्या. पिकांवर औषध फवारणारं विमान त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं होतं. विजेच्या तारांखालून जायचं, झाडाच्या शेंड्यावरून उचलायचं, वळायचं, पुन्हा खाली. कंपनी बंद पडली तेव्हा बाकीचे वैमानिक चहूकडे पांगले. बाई तिथेच राहिल्या. वस्तीबाहेरच्या त्या छोट्या धावपट्टीच्या कडेला, हँगरच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांत. पूर्वी तिथे सुटे भाग ठेवत, त्यामुळे कितीही धुतलं तरी भिंतींचा ग्रीसचा वास गेला नव्हता. एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची मागे कधीतरी मोडली. ती दुरुस्त करायची राहून गेली, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

नवरा होता, तो रीतसर दुसरीकडे सुखात होता. मूलबाळ नव्हतं. एक धाकटी बहीण होती, दूरच्या शहरात, भरल्या घरात. दर रविवारी तिचा फोन यायचा. "काय ताई, बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." मग दोघीही फोन ठेवत.

धावपट्टीवर सगळे म्हणत, "बाईंना भीती नावाची चीज ठाऊकच नाही." बाईंनाही ते खरं वाटे, आणि ऐकायला जरा बरंही वाटे.

थंडीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक ठेंगणे, गोल चष्म्याचे गृहस्थ आले. बोटांच्या पेरांत प्लास्टरची पांढरी पूड बसलेली. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता, म्हणून धावपट्टीवर पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'कवळीवाले' पडलं. त्यांना ते आवडलंही.

"अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," ते म्हणाले. "आणि मी विमान बांधतोय म्हटल्यावर त्याच दातांनी मला हसतं."

विमान लाकडी होतं, दोन सीटचं, पुढे एक इंजिन. नऊ वर्षं त्यांनी ते बैठकीच्या खोलीत बांधलं होतं. धड बैठकीत, आणि पंख झोपायच्या खोलीच्या दारातून आत गेलेला. त्यांची बायको काही वर्षं त्या पंखाखालून वाकून ये-जा करत राहिली. एके दिवशी हातात चहाचा ट्रे असताना तिचं कपाळ पंखावर आपटलं.

"ती म्हणाली, या घरात एक तर हे राहील, नाहीतर मी," कवळीवाले सांगत होते. "आणि मी म्हणालो, जरा थांब ना, आता शेपटी तेवढी राहिलीय."

"मग?"

"मग काय, ती भावाकडे गेली. परत ये म्हणून दाताच्या कण्या केल्या मी. माझा धंदाच तो. पण उपयोग झाला नाही."

बाई हसल्या. मग विमानाभोवती फिरल्या. इंजिनावरचं झाकण उघडून आत हात घालून प्रत्येक नळी, प्रत्येक तार त्यांनी बोटांनी चाचपली. काम असं होतं की बघत राहावं. खिळ्याचं डोकं कुठे वर नाही, डिंकाचा ओघळ कुठे सुटलेला नाही.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "माझी एकच अट. चाचण्या संपेपर्यंत मला सांगितल्याशिवाय याच्यात काही बदलायचं नाही. साधा स्क्रू हलवलात तरी सांगायचं."

"कानाला खडा," कवळीवाल्यांनी खरोखरच कानाची पाळी धरली.

पहिलं उड्डाण एका कोरड्या, लख्ख सकाळी झालं. विमान धावलं, शेपटी उचलली, आणि जणू आधी अनेकदा केलं असावं तसं सहज जमीन सोडून वर गेलं. बाईंनी दोन चकरा मारल्या, हात सोडून पाहिले, ते सरळ चाललं होतं. उतरल्या तेव्हा कवळीवाले गवतात उकिडवे बसून चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाला तरी पुसत होते.

"रडता काय? घोडं गुणी आहे तुमचं," बाई खाली उतरत म्हणाल्या आणि धावपट्टीवर पाय आपटू लागल्या. "पाय तेवढे बर्फ झाले माझे. दोन-दोन मोजे घातले तरी."

"वर इतकं गार असतं?"

"अहो, माझे पायच म्हातारे झालेत. विमानाचा दोष नाही."

एवढंच बोलणं झालं. बाई ते विसरूनही गेल्या. दुसरं उड्डाणही असंच बिनबोभाट पार पडलं. मग धुकं आलं आणि आठवडाभर हललं नाही. धावपट्टीचं दुसरं टोक दिसेना. बाई खोलीत बसून राहिल्या. खिडकीतून पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं आणि कानांवर आलाच तर हँगरच्या पत्र्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज. हँगरमध्ये कवळीवाल्यांची खुडबुड चालायची, पण ते रोजच काहीतरी पुसत-घासत असत. बाईंनी डोकावून पाहिलं नाही.

धुकं उठलं त्या सकाळी कवळीवाले विमानाशेजारी उभे होते, आणि त्यांचा चेहरा भेटवस्तू पाठीमागे लपवलेल्या माणसासारखा दिसत होता. बाईंना ते जाणवलं. पण हवा चांगली होती, आठवडा वाया गेला होता, आणि मधल्या काळात विमान हँगरबाहेर गेलेलंही नव्हतं. त्यांनी पंख हलवून पाहिले, टाकीतलं पेट्रोल पाहिलं, चाकं पाहिली. इंजिनावरचं झाकण त्या दिवशी त्यांनी उघडलं नाही.

धावपट्टीच्या तोंडाशी थांबावं लागलं. उड्डाण शिकणारा कुणी एक जण उतरायचा सराव करत होता. यायचा, चाकं टेकवायचा, पुन्हा उठायचा. बाई इंजिन चालू ठेवून वाट बघत बसल्या, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की पायांना ऊब लागतेय. आधी घोट्यांना, मग बुटांच्या आत बोटांना. खाली पाहिलं तर पायांपाशी एक छोटी जाळी होती आणि तिच्यातून गरम हवा येत होती. त्यांनी बोटं हलवून पाहिली. कुठून येते ही हवा, असा प्रश्न मनात आला, आणि बाईंनी तो बाजूला सारला. थंडीत मांजर येऊन मांडीवर बसलं तर त्याला कुणी विचारत नाही, कुठून आलास म्हणून. आपण सहज काहीतरी बोललो आणि कुणीतरी ते ऐकलं, घरी नेलं, त्यावर काम केलं, असं त्यांच्या आयुष्यात फार दिवसांत घडलं नव्हतं. त्या एकट्याच बसून हसल्या.

मग रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी इंजिनाला पूर्ण ताकद दिली.

विमान उठलं. धावपट्टीचं टोक खालून मागे गेलं, कुंपण गेलं, रस्ता गेला. जेमतेम पाचशे फूट उंची झाली असेल. इंजिन एकदा खोकलं. पुन्हा खोकलं. मग आवाज एकदम पातळ झाला आणि थांबला. पुढचा पंखा दोन गिरक्या घेऊन उभा राहिला, समोरच्या काचेत फूटपट्टी उभी केल्यासारखा.

इंजिन थांबल्यावर विमानात शांतता असते असं लोकांना वाटतं. तशी नसते. वारा सगळीकडून शिट्टी घालतो. बाईंनी नाक खाली दाबलं, कारण वेग गेला तर सगळंच गेलं. दुसरी टाकी लावली. पंपाचं बटण दाबलं. काही नाही. धावपट्टी मागे होती. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचं टोक अजून दिसत होतं. वळलं तर तिथे पोचू, असं वाटतंच. प्रत्येकाला वाटतं. त्या वळणात आजवर किती जणांनी जीव घालवला, ते बाई नव्या लोकांना नेहमी सांगत. इंजिन बंद असताना इतक्या खालून वळलं की विमान अर्ध्या वळणातच दगडासारखं पडतं. पण वळलं नाही तर समोर नांगरून टाकलेलं शेत होतं, त्यापलीकडे चर, त्यापलीकडे झाडं. तिथे उतरलं तर माणूस बहुधा वाचेल. विमान वाचणार नाही. नऊ वर्षं. पंखावर आपटलेलं ते कपाळ.

"इंजिन बंद, समोर उतरते," त्या रेडिओवर म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. पेट्रोलचा कॉक बंद केला, विजेचं मुख्य बटण बंद केलं, दार किंचित उघडून ठेवलं म्हणजे आपटल्यावर अडकायला नको. ढेकळं वर येऊ लागली. त्यांनी जमेल तेवढं हळू विमान टेकवलं. चाकं मातीत रुतली, विमान घसरत गेलं, चर आला आणि लाकूड फुटण्याचा असा आवाज झाला की तो त्यांना पुढे किती तरी दिवस ऐकू येत राहिला. डावा पंख मुळापासून निखळला. शेपटी वर उचलली गेली आणि परत धप्पकन खाली आली.

मग खरी शांतता झाली.

बाई बाहेर आल्या, थोडं चालल्या आणि ढेकळांवर बसल्या. खांद्यात कळ होती, कपाळावरून काहीतरी ओलं येत होतं. दूरवर एक पक्षी ओरडत होता. कुणी येण्याआधीचा तो थोडासा वेळ त्यांना फार लांब वाटला. एवढ्या मोठ्या उघड्या शेतात त्या आणि मोडलेलं विमान, एवढंच होतं.

शेताच्या बांधावरून कवळीवाले धावत आले. कामाचा एप्रन अंगात, एका पायातली चप्पल चिखलात राहिलेली. विमानाकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ बाईंपुढे येऊन गुडघ्यांवर बसले.

"लागलं का? कुठे लागलं? हलू नका."

"काय बदललंत?" बाईंनी विचारलं.

त्यांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "तुमचे पाय... तुमचे पाय गार पडत होते."

"काय बदललंत, ते सांगा."

"धुराड्याच्या नळीभोवती पत्र्याचं आवरण घातलं. त्यातली गरम हवा आत आणली. बाकी काही नाही. पेट्रोलची नळी जरा आड येत होती, ती चार बोटं सरकवली. तिच्यावर कापडही गुंडाळलं मी, आग न लागणारं..." बोलता बोलता ते थांबले. घोडं कुठे पेंड खात होतं ते त्यांना बोलता बोलताच कळलं. तापलेल्या पत्र्याशेजारून पेट्रोल चाललं होतं. धावपट्टीच्या तोंडाशी उभं असताना ते नळीत उकळलं आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी नुसती वाफ गेली.

"सांगायचं नव्हतं तुम्हाला?" बाई ओरडल्या. "स्क्रू हलवला तरी सांगा म्हणाले होते ना मी? कान धरला होतात ना?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात," ते खाली मान घालून म्हणाले.

ते खरं होतं, आणि त्यामुळे बाईंना आणखीच राग आला. त्यांना काहीतरी झोंबेल असं बोलायचं होतं. पण त्या माणसाचा चप्पल नसलेला पाय चिखलाने माखला होता, तो बघून त्या एवढंच म्हणाल्या, "चप्पल शोधा आधी."

दवाखान्यात हाडाची चित्रं काढली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. नर्स मोठी फटकळ होती.

"घरचं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कळवायचं कुणाला?"

"कळवायचं काय त्यात? जिवंत आहे मी."

"जिवंत आहात म्हणूनच विचारतेय. डोक्याला मार आहे, एकट्याने घरी सोडता येत नाही. बाहेर तुमचे मिस्टर बसलेत ना एप्रन घालून?"

"ते माझे कोणी नाहीत. त्यांचं विमान मी मोडलंय."

नर्सने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "एवढं मोडून माणूस अजून बाहेर बसलाय? मग नेऊ द्या त्यांनाच."

कवळीवाल्यांनी त्यांना खोलीवर आणून सोडलं. एका खुर्चीवर बाईंना बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. चहा केला, तो फार गोड झाला होता. "येतो," असं ते तीनदा म्हणाले आणि शेवटी गेले.

रविवारी बहिणीचा फोन आला. तिच्याकडे पाहुणे होते, मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज.

"काय ताई, बरी आहेस ना?"

बाईंचा उजवा हात झोळीत होता. फोन त्यांनी डाव्या हाताने धरला होता. "बरी आहे," त्या म्हणाल्या.

"आवाज बसलाय तुझा."

"धुकं होतं ना आठवडाभर. पाहुणे आलेत का? जा तू, ठेवते मी."

नंतर चौकशीला एक अधिकारी आला. सडपातळ, अबोल माणूस. मोडक्या इंजिनाशी ओणवा होऊन त्याने अर्धा दिवस घालवला. त्याने काही विचारायच्या आधीच कवळीवाल्यांनी सगळं सांगून टाकलं, हीटरचं, नळीचं, न सांगितल्याचं. बाईंनीही आपलं सांगितलं. झाकण उघडलं नव्हतं. पायांना गरम हवा लागली तेव्हा ती कुठून येते हे विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

"का नाही विचारलं?" अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं.

"बरं वाटत होतं," बाई म्हणाल्या. त्याने ते लिहून घेतलं नाही.

जाताना तो म्हणाला, "एक सांगू? मी अशी पुष्कळ विमानं बघितली. तुमच्या जागी दुसरा असता तर मागे वळला असता. माणसं घाबरून वळतात. तुम्ही अजिबात घाबरला नाहीत."

हे त्याने शाबासकी म्हणून सांगितलं. पण ते वाक्य बाईंच्या मनातून जाईना. खरंच होतं ते. पंखा थांबल्यापासून चरात आपटेपर्यंत छाती एकदाही धडधडली नव्हती. हातांनी जे करायचं ते केलं होतं, आणि आत कुठेतरी त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या, हे आता कसं संपतं ते.

हात झोळीतून निघाला तेव्हा कवळीवाल्यांनी जेवायला बोलावलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ठसठशीत, मोकळ्या आवाजाची बाई.

"या, या! अहो, बघता काय, आत या. आता सरळ चालत येता येतं या घरात!"

बैठकीची खोली खरोखर रिकामी होती. मधोमध जेवणाचं नवं टेबल, आणि झोपायच्या खोलीच्या दाराशेजारी, जिथे पंख भिंतीला टेकला होता तिथे, रंगाचा एक लांब फिकट पट्टा. कवळीवाले टेबलाच्या टोकाला बसले होते, नीट दाढी केलेले, स्वच्छ शर्टातले. इंजिन कुणालातरी देऊन टाकलं होतं. लाकूड शेतातच राहिलं होतं.

"पुन्हा नाही बांधणार?" बाईंनी विचारलं.

"हातात करवत घेऊन तर बघा म्हणावं," बायको म्हणाली, आणि बाईंच्या ताटात वाढता वाढता वाकून हळूच बोलली, "तुमचे फार उपकार झाले. तुम्ही ते मोडलंत ना, माझा संसार जागेवर आला."

बाईंनी "हो का" म्हटलं.

जेवणभर नवराबायकोची हलकी खडाखडी चालू होती, मिठाची बरणी कुठे ठेवली, दिवा कुणी चालू ठेवला. त्यात नवं असं काही नव्हतं, आणि बाईंना त्यातलं काहीच येत नव्हतं. निघताना कवळीवाले फाटकापर्यंत आले.

"मी तुमचा जीव घेणार होतो," ते म्हणाले.

"घेतला नाहीत."

"आता चैन पडत नाही मला घरात. हात रिकामे राहतात. पण ती आली, ते बरं झालं. झालंच बरं." त्यांनी फाटकाची कडी उगीच वरखाली केली. "तुम्ही येत जा अधूनमधून."

बाई बरं म्हणाल्या. दोघांनाही ठाऊक होतं की त्या येणार नाहीत.

घरी जाताना वाटेत त्यांना फवारणीची सुरुवातीची वर्षं आठवली. तेव्हा रोज पहाटे भीती वाटायची. विमानात चढायच्या आधी तोंडचं पाणी पळायचं, आणि उतरलं की पाय लटलटायचे. घरी नवरा असायचा, संध्याकाळी उशीर झाला की रागवायचा. मग ते घर मोडलं आणि कुठल्या तरी हंगामात भीतीही गेली. आपण कामात मुरलो असं बाई समजल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, तसं नसेल. परत यायचं ते कुणाकडे, याचं उत्तर गेलं आणि भीतीला काही काम उरलं नाही, एवढंच असेल. हे मनात आलं आणि त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

थंडी सरल्यावर एक निवृत्त पोस्टमन आपलं विमान घेऊन आला. लहानसं, एका सीटचं, पत्र्याचं. बाईंनी अख्खी सकाळ त्याच्या इंजिनात डोकं घालून काढली. सगळं ठीक होतं. आत बसल्या, पट्टे बांधले, इंजिन सुरू केलं, आणि धावपट्टीच्या तोंडाशी पोचल्यावर त्यांचा डावा गुडघा थडथडू लागला. पायाखालचं पेडल वाजू लागलं इतका. तोंड कोरडं पडलं. त्यांनी हाताने गुडघा दाबून धरला, तो थांबेना.

त्या विमान फिरवून परत हँगरपाशी आल्या.

"काय बिघडलं?" पोस्टमनचा चेहरा उतरला होता.

"विमानात काही नाही. मला भीती वाटतेय."

"तुम्हाला?" त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

"हो, मला. दुसरं कुणी बघायचं तर बघा, मला राग नाही. नाहीतर उद्या सकाळी पुन्हा बसते."

पोस्टमनने ताडपत्री ओढून विमान झाकलं.

बाई खोलीवर आल्या. रविवार नव्हता, तरी त्यांनी बहिणीला फोन लावला.

"काय गं, आज कसा फोन? बरी आहेस ना?"

"हिवाळ्यात माझं विमान पडलं होतं," बाई म्हणाल्या. "हाड मोडलं होतं. आता जुळलंय."

बहीण जी सुटली ती सुटलीच. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? मी दर आठवड्याला विचारतेय बरी आहेस ना, बरी आहेस ना, आणि तू हो म्हणतेस? मी काय परकी आहे? उद्या काही झालं असतं तर मला कुणी कळवलं असतं, सांग ना! पेपरात वाचायचं होतं का मी?" ती रडायला लागली, रडता रडता पुन्हा रागावली. बाई ऐकत राहिल्या.

"उद्या पुन्हा एक उडवायचंय," शेवटी त्या म्हणाल्या.

"जाऊ नकोस."

"जाते. पण या वेळी भीती वाटतेय."

"मग तर जाऊच नकोस, ताई!"

"उतरले की फोन करते."

बहिणीने उत्तर न देता फोन ठेवला.

सकाळी पोस्टमन आधीच येऊन उभा होता. ताडपत्री काढलेली होती. दोघांनीही आदल्या दिवसाचा विषय काढला नाही. गुडघा तसाच थडथडत होता, आणि बाईंनी तशाच अवस्थेत विमान उचललं. वर असताना इंजिनाचा प्रत्येक ठोका त्यांनी जिवाचे कान करून ऐकला. एक चक्कर, दुसरी चक्कर. एकही ठोका चुकला नाही. उतरताना चाकं जरा आपटली. बाईंच्या हातून असं कधी होत नसे.

पोस्टमन विमानाभोवती धावत होता, पत्र्यावर थापा मारत होता, कुणाकुणाला हाका मारत होता. बाई उतरल्या, पंखाखाली सावलीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. सकाळची वेळ, घरात गडबड असेल, किंवा राग असेल अजून.

त्यांनी फोन बंद केला. जरा वेळ थांबल्या आणि पुन्हा लावला.